ऑब्लिता

दुइलिओ पाथरवट आला त्या दिवशी बोरा सुटला होता.
त्रिएस्तेचा हा वारा टोप्या पळवतो
आणि वाक्याच्या शेवटची क्रियापदं.
दारात त्यानं बूट झटकले.
पायपुसण्यावर चुनखडीची पांढरी रांगोळी पडली.

"बाई, एक शब्द हवाय लॅटिनचा.
नेरीनाच्या दगडावर.
'अमाता' नको. ती मी तीसेक बायकांवर कोरली आहे,
अक्षरामागे ठरलेल्या दरानं.
जिच्यावर प्रेम केलं गेलं, एवढंच ना ते?
मला उलटं हवंय.
जिनं केलं, ती."

मी चाळीस वर्षं शाळेत धातू चालवले.
(त्याचाही धंदा धातूचाच, पण त्याच्या धातूला धार होती.)
मला ठाऊक होतं, तिथं खण रिकामा आहे.
अमान्स, म्हणजे आत्ता प्रेम करत असलेली.
अमातुरा, करणार आहे, अजून उंबऱ्यात उभी.
अमान्दा, जिच्यावर करायलाच हवं.
आणि जी करून, आवरून, हात पुसून निघून गेली
तिच्यासाठी रोमनांनी रूपच घडवलं नाही.
डोंगरातून पाणी आणलं, मिठावर कर बसवला,
हे राहून गेलं.

"विसरले म्हणता?"
"विसरले नसतील. अडलं नसेल त्यांचं."

मग मी सवयीनं शिकवू लागले. म्हातारीचं हेच होतं.
म्हटलं, या रूपांना ते वाटेकरी म्हणायचे;
ग्रीकांकडून उसनं आणलेलं नाव.
अर्धा वाटा नामाचा, अर्धा क्रियापदाचा,
दोन्ही घरी जेवतात, भाडं कुठंच भरत नाहीत.
इस्पितळात खाटेला जो कागद लटकवतात ना,
त्यावरचा 'पेशंट' त्यांच्यातलाच.
सोसत असलेला.

दुइलिओ कॉफीत साखर ढवळत राहिला.
साखर केव्हाच विरघळली होती.

"चार वर्षं सोसणारा मीच होतो," तो म्हणाला.
"ती खुशीत असायची. विचारायची,
भट्टी दुरुस्त करायला आलात का?
मी म्हणायचो, हो.
रोज दुरुस्त केली मी ती भट्टी."

सान जाकोमोच्या चढावर तिची बेकरी होती.
मलाही आठवतात तिचे हात,
कोपरापर्यंत पीठ, सुटे पैसेही पांढरे.

तेव्हा मला ती मूठभर आडमुठी क्रियापदं आठवली.
अंगरखा सोसणाऱ्याचा, आत माणूस करणारा.
जन्मणं, बोलणं, मागोमाग जाणं, मरणं, विसरणं.
एवढ्यांनाच 'करून झालेली' म्हणता येतं.
प्रेम त्या यादीत नाही.
विसरणं आहे.

पाकिटाच्या पाठीवर मी लिहिलं: OBLITA.
"ऑब्लीता. विसरून गेलेली.
दिसतं जणू तिलाच कुणी विसरलं, पण तसं नाही."
तो गप्प. मला वाटलं, उठून जाईल.
"आणि दुसरा शब्द आहे, अक्षरं हीच.
फक्त इ ऱ्हस्व. ऑब्लिता.
माखलेली."
"कशानं?"
"कशानंही. चिखलानं, मधानं."
"पिठानं?"
"पिठानंही."

त्यानं पाकीट उजेडाकडे धरलं.
"दगडात ऱ्हस्व-दीर्घ कसं कळतं?"
"कळत नाही. जुने कारागीर कधीकधी
दीर्घ इ इतर अक्षरांहून उंच काढत."

मार्चमध्ये मी वर कबरस्तानात गेले.
वारा पडला होता. दगड अजून कोवळा, न भिजलेला.
नाव, दोन सालं, त्याखाली सहा अक्षरं.
मधली इ मी चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली,
शेवटी बोटानं मोजली.
शेजारच्या एलपेक्षा ती उंच आहे,
तांदळाच्या दाण्याएवढी, किंवा तेवढीही नाही.
छिन्नी घसरली म्हणावं, तर दुइलिओची घसरत नाही.

बोटाला पांढरं लागलं.
ते मी पुसलं नाही,
उतारावरून बसथांब्यापर्यंत.